गप्प बसली म्हणजे होकार दिला का?

तुम्ही आता सही करू लागला आहात. म्हणून अंगठ्याची गोष्ट तुम्हाला लवकर कळेल.

समजा, एका शेतकऱ्याचा हात कुणी धरला. अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. दाराशी दोन दांडगे उभे. शेतकऱ्याने आरडाओरड केली नाही. हात हिसकावून घेतला नाही. त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नाही. कागदावर अंगठा मात्र उमटला. आता सांगा, त्याने जमीन राजीखुशीने दिली का?

नाही दिली. अंगठा त्याचा खरा, पण मर्जी त्याची नव्हती. हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सावकारी पाहिलेली माणसे अजून घरोघरी आहेत. ‘तू ओरडला का नाहीस?’ असे त्या शेतकऱ्याला कुणी विचारत नाही. ‘तू त्याच्या ओसरीवर गेलासच कशाला?’ असेही कुणी म्हणत नाही.

हा धडा बाईच्या मर्जीविषयी आहे. जमिनीच्या बाबतीत जे आपल्याला चटकन कळते, ते बाईच्या शरीराच्या बाबतीत का कळत नाही, हे पाहायचे आहे. विषय नाजूक आहे. बायामाणसांसमोर असले बोलू नये, असे काही मंडळी म्हणतील. पण पारावर हा विषय निघतोच. तेव्हा कुणाला लाज वाटत नाही. आणि बोलणे निघते ते त्या बाईचेच. ती कशी चालत होती, काय नेसली होती, कुणाशी हसली होती. ज्याने अत्याचार केला त्याचे नाव त्या बोलण्यात क्वचितच येते.

आधी शब्द नीट वाचा. ब-ला-त्का-र. यात ‘बळ’ आहे. शब्दातच बळ असल्यामुळे लोक बाईच्या अंगावर जखमा शोधतात. झटापट झाली का? कपडे फाटले का? बांगड्या फुटल्या का? नसतील फुटल्या, तर मग तिचीच मर्जी असेल, असे म्हणून मोकळे होतात. कायद्यात मात्र मुख्य गोष्ट निराळी आहे. तिथे पहिला प्रश्न असा, की बाईची मर्जी होती का? मर्जीला कायद्याचा शब्द आहे ‘संमती’. आपण साधा शब्द घेऊ, होकार.

हा होकार कशाला म्हणायचे, यावरून आपल्याच राज्यात एक मोठा खटला झाला. तो सगळा देश हलवून गेला. आम्ही तो थोडा विस्ताराने सांगतो.

मुरुमपासून पार पूर्वेला, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगा नदीच्या बाजूला देसाईगंज नावाचे गाव आहे. त्याला वडसाही म्हणतात. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तिथे एक आदिवासी मुलगी राहत होती. वय चौदा ते सोळा. आईबाप लहानपणीच वारलेले. भावाबरोबर राहायची. दोघेही मजुरी करून पोट भरायची. लोक या खटल्याला त्या मुलीच्या नावानेच ओळखतात. आम्ही ते नाव इथे लिहीत नाही. अशा बाईचे नाव छापू नये असा आज कायदा आहे, आणि तो योग्य आहे.

ती मुलगी एका बाईच्या घरी कामाला जाई. त्या बाईच्या भाच्याशी तिची ओळख झाली. दोघांनी लग्न करायचे ठरवले. भावाला ते पसंत नव्हते. माझ्या बहिणीला त्या लोकांनी पळवून नेले, अशी फिर्याद त्याने पोलीस ठाण्यात दिली. २६ मार्च १९७२ च्या रात्री सगळ्यांना ठाण्यात आणले गेले. जबान्या झाल्या. रात्रीचे साडेदहा वाजत आले. फिर्याद लिहून घेणारा हवालदार घरी गेला. बाकीची माणसेही निघाली.

तेव्हा ठाण्यात एक शिपाई आणि दुसरा एक हवालदार होता. त्यांनी मुलीला थांबवले आणि तिच्या माणसांना बाहेर जायला सांगितले. दार लागले. दिवे मालवले. आत शिपायाने आपल्यावर बळजबरी केली आणि मग हवालदाराने आपल्या अंगाशी चाळे केले, असे मुलीने सांगितले. बाहेर तिची माणसे उभी होती. ती हाका मारीत होती. आतून ओ येत नव्हती. हळूहळू गर्दी जमली. मुलगी बाहेर आली आणि सगळ्यांसमोर तिने काय झाले ते सांगितले. लोक इतके चिडले की ठाणे जाळायला निघाले. तेव्हा कुठे तिची फिर्याद लिहून घेतली गेली.

इथे घटकाभर थांबा. पंधरा-सोळा वर्षांची पोर. रात्रीची वेळ. समोर खाकी कपडे. आजही ठाण्याची पायरी चढताना भल्याभल्यांचे पाय लटपटतात. सातबारा हरवल्याची तक्रार द्यायची असली तरी आपण सोबत कुणाला तरी घेऊन जातो. अशा ठिकाणी दार लावून दिवा मालवल्यावर ती पोर काय करणार होती?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासले. अंगावर जखम सापडली नाही. तिचा पूर्वी शरीरसंबंध आलेला आहे, अशीही नोंद झाली. पुढे सगळा खटला या दोन गोष्टींभोवती फिरला.

चंद्रपूरच्या सेशन कोर्टाने १ जून १९७४ रोजी निकाल दिला. दोघेही सुटले. कोर्टाने मुलीला खोटारडी ठरवले. तिला शरीरसंबंधाची सवय होती, तेव्हा हा संबंध तिच्या मर्जीनेच झाला असावा, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसांपुढे आपण चांगले दिसावे म्हणून तिने बलात्काराचे नाव घेतले असावे, असे त्या कोर्टाचे म्हणणे.

खटला नागपूरला हायकोर्टात गेला. तिथे निकाल फिरला. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची शिक्षा झाली. हायकोर्टाचे म्हणणे असे होते: भीतीपोटी किंवा धाकापोटी बाई निमूट राहिली, तर त्याला तिची इच्छा म्हणता येत नाही. ही माणसे तिच्या ओळखीचीही नव्हती. ती आपण होऊन त्यांच्याकडे कशाला जाईल?

मग खटला दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेला. १५ सप्टेंबर १९७८ रोजी शेवटचा निकाल लागला. दोघेही निर्दोष सुटले. कारणे दोन. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने झटापट केली नाही. आणि तिला बाजूला नेताना आपली माणसे जवळ असून तिने त्यांना हाक मारली नाही, हात सोडवून घेतला नाही. म्हणजे तिचा होकार होता, असे कोर्टाने धरले. त्या काळच्या कायद्यात जिवाची किंवा इजेची भीती दाखवली असेल तरच भीतीने दिलेला होकार खोटा धरीत. तशी भीती दाखवल्याचा पुरावा नाही, असे कोर्ट म्हणाले.

आता अंगठ्याची गोष्ट आठवा. त्या शेतकऱ्याच्या अंगावरही जखम नव्हती.

दुसरा मुद्दा सवयीचा. समजा तुमच्या घरातून ज्वारीची दोन पोती चोरीला गेली. चोर सापडला. चोराचा वकील उभा राहून म्हणाला, ‘हा शेतकरी दरसाल लेकीच्या घरी ज्वारी पाठवतो. याला ज्वारी देण्याची सवयच आहे. तेव्हा माझ्या अशिलालाही यानेच दिली असणार.’ तुम्ही त्या वकिलाला वेड्यात काढाल. लेकीला दिली ती आपल्या मनाने. चोराने नेली ती चोरून. एकाला होकार दिला म्हणजे गावाला होकार दिला असे होत नाही. एवढी सोपी गोष्ट मोठमोठ्या शिकलेल्या माणसांच्या हातून सुटली. नुसत्या शिक्षणाने सगळे येत नाही, हे आम्ही शाळेत इतकी वर्षे काढून सांगतो.

निकालानंतर वर्षभर फारसे कुणी बोलले नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या आणि अभ्यासणाऱ्या चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. ते चौघे म्हणजे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाला चार मास्तरांनी असे जाहीरपणे विचारावे, हे तोवर ऐकिवात नव्हते. शरण जाणे वेगळे आणि होकार देणे वेगळे, हा त्या पत्राचा गाभा. होकार देणारा स्वाधीन होतो खरा, पण जो स्वाधीन झाला त्याने होकार दिलाच असे नसते. गरीब, पोरकी, कोवळ्या वयाची मुलगी ठाण्यात किती भेदरलेली असेल, याचा विचार कोर्टाने केला नाही, असे त्यांनी लिहिले. बाईला ठाण्यात बोलावून घेणे हेच मुळात कायद्याला सोडून आहे, याकडेही त्यांनी बोट दाखवले.

पत्र वर्तमानपत्रांतून पसरले. ८ मार्च १९८० ला, महिला दिनी, मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत बायका रस्त्यावर आल्या. निकाल काही बदलला नाही. देसाईगंजच्या मुलीला तिचा न्याय मिळाला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कायदा मात्र बदलला, आणि तो तिच्यामुळे बदलला. तिच्यामागून आलेल्या बायकांना त्याचा उपयोग झाला.

१९८३ साली नवी कलमे आली. पोलीस, तुरुंगाचे अधिकारी, दवाखान्याचे लोक यांच्या ताब्यात असलेल्या बाईवर अत्याचार झाला, संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि ‘माझा होकार नव्हता’ असे तिने कोर्टात सांगितले, तर कोर्टाने आधी तिचे म्हणणे खरे धरून चालायचे. होकार होता हे दाखवण्याचा भार आरोपीवर. अशा गुन्ह्याला निदान दहा वर्षांची शिक्षा ठेवली. सुनावणी बंद दाराआड होऊ लागली. नाव छापायला बंदी झाली.

तरी चालचलणुकीचा काटा राहिलाच होता. बाई मुळात बदचालीची आहे, असे आरोपीच्या वकिलाला दाखवता येईल, असे एक कलम १८७२ पासून पुराव्याच्या कायद्यात होते. ते २००३ साली काढून टाकले. डॉक्टर दोन बोटांनी तपासून ‘सवयीची’ असा शेरा मारीत, तेही सुप्रीम कोर्टाने २०१३ साली चूक ठरवले. २०२२ च्या ऑक्टोबरात तर कोर्टाने बजावले, की जो कुणी अशी तपासणी करील तो गैरवर्तनाचा दोषी.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये एका मुलीवर भयंकर अत्याचार झाला. ती गेली. त्यानंतर न्यायमूर्ती वर्मा यांची समिती बसली, आणि २०१३ साली कायद्यात होकाराचा अर्थ प्रथमच स्पष्ट लिहिला गेला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ६३ व्या कलमात तोच अर्थ आहे. आमच्या शब्दांत तो असा. बाईने आपल्या मनाने, शंकेला जागा न ठेवता, बोलून किंवा खुणेने किंवा वागण्यातून, त्या ठराविक गोष्टीला तयारी दाखवली तर तो होकार. आणि त्याच्या पुढेच लिहिले आहे, की बाईने अंगाने विरोध केला नाही एवढ्यावरून तिचा होकार होता असे धरायचे नाही. देसाईगंजच्या मुलीला हे वाक्य हवे होते. ते यायला ४१ वर्षे लागली.

‘त्या ठराविक गोष्टीला’ हे शब्द पुन्हा वाचा. बाई गाडीवर मागे बसली म्हणजे गाडीवर बसायला तयार झाली. चहा प्यायला आली म्हणजे चहाला तयार झाली. जत्रेत हसून बोलली म्हणजे बोलायला तयार झाली. त्यापुढचे काही त्यात येत नाही. काल हो म्हणाली म्हणून आजचे हो धरता येत नाही. झोपेत असलेल्या, नशेत असलेल्या, समज नसलेल्या बाईचा होकार हा होकारच नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलीने तोंडाने हो म्हटले तरी कायदा ते हो मानत नाही.

भीती म्हणजे फक्त सुरा नव्हे. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. उचल अंगावर असते. कोपी परगावच्या रानात असते. अशा वेळी मुकादमाने अंधारात वाट अडवली, तर बाई कुणाला हाक मारील? हाक मारली तर उद्या काम राहील का, उचल कशी फिटेल, नवऱ्याला मार बसेल का, हे सगळे तिच्या डोक्यात येते आणि तोंड मिटते. ते मिटलेले तोंड म्हणजे होकार नव्हे. ज्याच्या हाताखाली बाई आहे, जो तिच्यावर हुकमत चालवतो, त्याने हे केले तर कायदा ते जास्त गंभीर मानतो.

कुणी म्हणेल, हे सगळे शहरातले, इंग्रजी शिकलेल्यांचे नवे विचार. तसे नाही. अहल्येची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. ती निरनिराळ्या तऱ्हांनी सांगतात. एका तऱ्हेत इंद्र गौतम ऋषींचे रूप घेऊन येतो. अहल्येला वाटते आपला नवराच आला. शाप मिळून शिळा मात्र तीच होते. आता कायदा पाहा. नवरा असल्याची बतावणी करून मिळवलेला होकार हा होकार नाही, तो बलात्कार आहे, असे १८६० सालच्या दंडविधानात लिहिलेले होते आणि आजही आहे. म्हणजे कायद्यापुढे अहल्या निर्दोष आणि इंद्र आरोपी. ऐकणाऱ्या बायकांना हे पूर्वीपासून मनात वाटत आले असेल, असा आमचा अंदाज आहे. त्यांना कुणी विचारले नाही, एवढेच.

आता पारावरच्या बोलण्याकडे वळू.

‘एवढ्या रात्री ती गेलीच कशाला?’ हा पहिला प्रश्न. बाई रात्री रानात पाण्याची पाळी धरायला जाते. बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जाते. घरात संडास नसेल तर ओढ्याला जाते. पण या सगळ्याहून मोठी गोष्ट अशी. सरकारचे गुन्ह्यांचे अहवाल दरवर्षी निघतात. बलात्काराच्या शंभर फिर्यादींपैकी नव्वदाहून अधिक फिर्यादींत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मालक, मित्र, लग्नाचे वचन देणारा. अनोळखी माणूस अंधारातून उडी मारतो, असे फार थोड्या वेळा घडते. तेव्हा घरात बसा म्हणून उपाय होत नाही. पुष्कळदा धोका घरातच उंबऱ्याच्या आत असतो.

‘तिची अब्रू गेली’ हे दुसरे वाक्य. वर्तमानपत्रेसुद्धा ‘अब्रू लुटली’ असे छापत आली. चोरी झाली तर चोराची अब्रू जाते, घरमालकाची नाही. इथे मात्र उलटा हिशेब. शिक्षा करणाऱ्याला व्हायची, आणि मान खाली घालायची तिने. आम्हाला हा शब्द या ठिकाणी अजिबात मान्य नाही. आमच्या वर्गात आम्ही तो खोडून ‘अत्याचार केला’ असे लिहायला लावतो. म्हणजे वाक्यात करणारा कोण, हे सांगावेच लागते.

‘बायका खोट्या फिर्यादी देतात’ हेही ऐकू येते. खोटी फिर्याद असू शकते. चोरीची असते, मारामारीची असते, जमिनीची तर पुष्कळ असते. ती तपासायला पोलीस आहेत, कोर्ट आहे, आणि खोटी फिर्याद देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण जमिनीची फिर्याद घेऊन आलेल्या प्रत्येकाला आपण आधीच खोटा म्हणत नाही.

सगळ्यांत वाईट ते तिसरे, ‘मिटवून टाका’. चार प्रतिष्ठित मंडळी बसतात. मुलीच्या बापाला बाजूला घेतात. ‘पोरीचं लगीन व्हायचंय अजून, कशाला बोभाटा करता?’ असे म्हणतात. काही रक्कम ठरते. नाहीतर त्याच माणसाशी तिचे लग्न लावायचे ठरते. ज्याने अत्याचार केला त्याच्याच घरी जन्मभर नांदायचे! पंच मात्र समाधानाने घरी जाऊन भाकरी खातात. कायद्यात बलात्काराची तडजोड होत नाही. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात बजावून सांगितले, की अशा गुन्ह्यात कोणत्याही परिस्थितीत समेटाचा विचार करता येणार नाही, आणि लग्नाचा तोडगा हीसुद्धा तडजोडच. बैठकीला बसणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावे.

मिटवल्याने काय होते, ते मुंबईच्या एका प्रकरणातून दिसते. शक्ती मिल नावाची बंद पडलेली गिरणी आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये तिथे कामासाठी फोटो काढायला गेलेल्या एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. तिने लगेच फिर्याद दिली. त्याची बातमी झाल्यावर दुसरी एक मुलगी पुढे आली. तिच्यावर त्याच ठिकाणी आदल्या महिन्यात, जुलैमध्ये, अत्याचार झाला होता. तेव्हा ती पोलिसांकडे गेली नव्हती. दोन्ही खटल्यांत तिघे आरोपी तेच निघाले. २०१४ साली दोन्हीत शिक्षा झाल्या. त्या मुलीला दोष देता येत नाही. बोलले तर आपल्यालाच नावे ठेवतील, ही धास्ती मुलींना कोण घालते, ते आपण वर पाहिले. बाईला नावे ठेवणारे तोंड नकळत त्या माणसांची पाठराखण करते.

वर्गातल्या बायका एक प्रश्न हळू आवाजात विचारतात. ‘गुरुजी, घरच्या माणसाचं काय?’ म्हणजे नवऱ्याचे. उत्तर खरे सांगितले पाहिजे. बायको अठरा वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेल्या बळजबरीला आपला कायदा आज बलात्कार म्हणत नाही. तशी सूट कलमातच आहे. तिच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात दावे गेलेले आहेत. पण बाई अगदीच उघडी पडलेली नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ हाही छळ धरला आहे. त्याखाली तिला कोर्टाकडून संरक्षण मागता येते. आम्ही वकील नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर एवढे म्हणू शकतो, की लग्नाच्या मांडवात जो होकार दिला तो संसाराला दिला. दुखण्यात, थकव्यात, नको म्हटल्यावर अंगाला हात लावायचा तो परवाना नव्हे.

वेळ आलीच तर काय करायचे, तेही ठाऊक असू द्या. तिला अंघोळ घालायची घाई करू नका. कपडे धुऊ नका. ते वाळलेले असतील तसे कागदात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. दवाखान्यात आधी गेले तरी चालते, फिर्याद आधी झालीच पाहिजे असे नाही. दवाखाना सरकारी असो की खाजगी, त्याने फुकट उपचार करायचे असतात. नाही म्हटले तर तो गुन्हा आहे. गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून गोळ्या असतात. त्या तीन दिवसांच्या आत घ्याव्या लागतात, जितक्या लवकर तितके चांगले. तपासणी तिच्या होकाराशिवाय होत नाही.

फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. ऊसतोडीच्या गावी घडले आणि बाई मुरुमला परत आली, तर मुरुमच्या ठाण्यातही फिर्याद लिहून घ्यावीच लागते. लिहून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षा आहे. जबानी बाई पोलिसाने घ्यायची, आणि ती तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घेता येते. लिहिलेली जबानी सही करण्याआधी वाचून घ्या. तुम्हाला आता वाचता येते. तिला येत नसेल तर तिला वाचून दाखवा. ती बोलली नाही असे काही त्यात असेल तर दुरुस्त करायला सांगा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या.

फोन करायचा तर ११२. बायकांच्या मदतीसाठी १८१. मूल असेल तर १०९८. वकील लागला तर बाईला तो सरकारी खर्चाने मिळतो, मग तिचे उत्पन्न कितीही असो. त्यासाठी उमरग्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा, किंवा १५१०० या नंबरावर विचारायचे. मनोधैर्य नावाची राज्य सरकारची योजना २०१३ पासून आहे. अत्याचार झालेल्या बाईला आणि मुलांना तिच्यातून पैशाची मदत मिळते. तिचे काम धाराशिवला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चालते.